एका क्विंटल कापसाचा हिशेब: तीन मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली
मा. केंद्रीय वस्त्रोद्योगमंत्री, नवी दिल्ली
मा. वस्त्रोद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: शेत, कारखाना आणि बाजार असे तीन तुकडे करून कापसाचे निर्णय घेतले जातात, त्याबाबत.

स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हिशेब लिहिण्याचं आणि जीएसटीची विवरणपत्रं भरण्याचं काम करते. माझ्याकडे दोन जिनिंग-प्रेसिंगवाल्यांची (कापसातलं बी म्हणजे सरकी वेगळी काढून उरलेल्या रुईच्या गाठी बांधणाऱ्यांची) खाती आहेत, एक तेलगिरणी, चार कृषी केंद्रं, ट्रॅक्टरच्या पार्टचं एक दुकान, दोन ट्रान्सपोर्टवाले, किराणा, कापड आणि एक मंगल कार्यालय. वडिलांची सात एकर कोरडवाहू जमीन भाऊ वाहतो, त्यात दरसाल पाचेक एकर पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, असते. शाळेच्या पुस्तकात ज्यांना प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक क्षेत्र म्हणतात ती तिन्ही माझ्या ऑफिसातल्या एकाच कपाटात आहेत. पुस्तकात त्यांचे तीन रकाने असतात. कपाटात मात्र एका फाईलमधला आकडा हलला की महिन्या-दोन महिन्यांत दुसरीतला हलतो, आणि मग तिसरीतला.

गेल्या हंगामात या कपाटात जे दिसलं, ते आपल्यापैकी कुणाच्याही टेबलावर एकत्र येत नसावं, म्हणून हे पत्र. कापूस शेतात असतो तोवर कृषी खात्याचा. जिनमध्ये शिरला की वस्त्रोद्योगाचा. सरकीचं तेल निघालं की अन्न खात्याचा, ढेप, म्हणजे सरकीची पेंड, जनावरापुढे पडली की पशुसंवर्धनाचा आणि कर बसला की अर्थखात्याचा. प्रत्येक खातं आपल्या तुकड्याचं भलं बघतं, कधीकधी ते साधतंही. पण त्याची ओढ बाकीच्या तुकड्यांना बसते आणि ती कुठल्याच फाईलवर नोंदली जात नाही.

आधी ज्या निर्णयामुळे लिहायला बसले, तो.

१९ ऑगस्ट २०२५ पासून परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ झालं. सुरुवातीला ३० सप्टेंबरपर्यंत. महिना संपायच्या आत ती मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली. कारण उघड होतं. अमेरिकेने आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, ते २७ ऑगस्टपासून लागू झालं आणि कापड-कपड्याच्या निर्यातदारांच्या ऑर्डरी धोक्यात आल्या. कपड्याच्या कारखान्यात माणसं खूप लागतात, त्यातही बायका. त्यांचं काम वाचलं पाहिजे यात माझं दुमत नाही. गिरणी बंद पडली तर आमचा कापूस घेणार कोण? शेतकऱ्याचा कैवार घ्यायचा म्हणून गिरणीला शत्रू ठरवणारी भाषणं आमच्याकडे बक्कळ होतात, मला त्यात सूर मिसळायचा नाही. माझी हरकत वेळेला आहे आणि पद्धतीला आहे.

वेळ अशी. शेतकऱ्याने सरकी लावली जूनमध्ये. तेव्हा बीटी कापसाच्या बीजी-टू बियाण्याच्या पाकिटाची सरकारने ठरवलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाला होता आणि आयातशुल्क ११ टक्के होतं. हे सगळं धरून त्याने पऱ्हाटी लावायची की सोयाबीन, ते ठरवलं. पीक फुलपात्यावर आलं आणि मधला एक आकडा आपण काढून घेतला. काढला तोही नेमका कापूस घरात येण्याच्या दिवसांसाठी. आमच्याकडे पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतो, दुसरा नोव्हेंबरात, त्यानंतरचा डिसेंबरात आणि पुढे. सवलतीची मुदत आणि आमच्या वेचणीचे महिने एकमेकांवर ठेवून बघावेत.

२०२२ मध्येही शुल्क माफ केलं होतं, १४ एप्रिलपासून. त्या वेळी कापसाचा भाव दहा हजारांच्या वर होता आणि बहुतेकांच्या घरातला माल विकून झाला होता. आमच्या तालुक्यात तेव्हा फारशी ओरड झाली नाही. म्हणजे आयातशुल्काला हातच लावू नये असं इथे कुणी म्हणत नाही. कधी लावावा, एवढं दिल्लीला कळावं अशी अपेक्षा आहे.

आता पद्धत. निर्यातदाराला कच्चा माल बिनशुल्क आणण्याची सोय आधीपासून आहे. अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशन योजनेत जेवढा माल बाहेर पाठवणार, तेवढ्यासाठी लागणारा कच्चा माल शुल्क न भरता आणता येतो. अडचण निर्यातदाराची होती तर ती योजना सुटसुटीत करता आली असती. सरसकट माफीचा जादा लाभ देशातल्या बाजारासाठी सूत कातणाऱ्यालाही झाला, आणि त्याचा माल तर अमेरिकेच्या वाटेला जातच नाही.

आता एका क्विंटलचा हिशेब मांडते. तो समजल्याशिवाय पुढच्या तक्रारी समजणार नाहीत.

जिनमध्ये एक क्विंटल कापूस घातला की साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलोच्या आसपास सरकी, उरलेलं घट आणि कचरा. रुईचा भाव खंडीवर बोलतात, खंडी म्हणजे ३५६ किलो. जिनवाला सकाळी फोनवर रुईचा आणि सरकीचा भाव घेतो, त्यातून रेच्यांचं (सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचं) वीजबिल, मजुरी, प्रेसिंगचा खर्च, बँकेचं व्याज वजा करतो आणि उरेल तो आकडा फाटकावर थांबलेल्या मेटॅडोरवाल्याला सांगतो. रुई खंडीमागे हजार रुपयांनी उतरली की कापसाच्या क्विंटलमागे ९५ रुपये जातात. सरकी किलोमागे एका रुपयाने उतरली की ६४ रुपये. थोडीफार घासाघीस सोडली तर यात जिनवाल्याच्या मनाचं काही नसतं. शेतकऱ्याला वाटतं जिनवाल्याने लुटलं. मी दोघांची खाती बघते, त्यामुळे मला तसं म्हणवत नाही.

रुई कशाने उतरली ते वर आलंच. माफी जाहीर झाली त्याच आठवड्यात सीसीआयने, म्हणजे आपल्याच भारतीय कापूस महामंडळाने, स्वतःच्या गाठींचे विक्रीदर खाली आणले. सरकारी दुकानच भाव पाडायला लागल्यावर खासगी बाजार कशाला थांबेल?

आणि सरकी? तिच्याकडे तर कुणाचं लक्षच नाही. ३० मे २०२५ रोजी कच्च्या पामतेल, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्के झालं. शहरात तेल स्वस्त मिळावं हा हेतू. सरकीच्या तेलाचा भाव याच तेलांच्या मागे फरफटत जातो. सरकीत तेल तसं थोडं, मोठा भाग ढेपेचा. तर तिकडून मक्याचं इथेनॉल काढल्यावर उरणारा डीडीजीएस पशुखाद्याच्या बाजारात उतरला आणि सगळ्याच पेंडींच्या भावावर दाब आला. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती मिसळायचं हे ठरवताना यवतमाळच्या सरकीचा विचार कुणी केला असेल असं मला वाटत नाही. मका पिकवणाऱ्याला त्याचा फायदा झाला आणि ढेप घेणाऱ्या गवळ्याचंही भलं झालं, हे मी नाकारत नाही. पण क्विंटलमधले ३४ किलो एका खात्याने खाली खेचले, ६४ किलो दुसऱ्या दोन खात्यांनी, आणि हमीभावाचं आश्वासन चौथ्याने दिलं. या चौघांची या विषयावर एकत्र बैठक झाली असेल तर तिचं इतिवृत्त प्रसिद्ध करावं. मी ते वाचायला उत्सुक आहे.

यावर मिळणारं उत्तर ठाऊक आहे: बाजार पडला तरी हमीभावाने सरकारी खरेदी आहेच, मग शेतकऱ्याचं नुकसान कसलं?

खरेदी आहे, आणि नसती तर हाल झाले असते, हे मान्य. पण खासगी जिनवाला हमीभावाएवढा भाव देऊ शकत नाही असं झालं की अख्खा तालुका एकाच फाटकावर येतो. त्यासाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी, सातबाऱ्यावर पिकाची नोंद, मग तारीख मिळायची वाट. ज्याचा सातबारा तीन भावांच्या सामाईक नावावर आहे त्याची वेगळीच कथा. आणि शेवटी ओलावा. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात करून, त्यापुढे माल परत. नोव्हेंबरात पहाटे दव पडतं, बाया सकाळी वेचायला जातात, आणि कापूस घरातल्या खोलीत छपरापर्यंत भरून ठेवलेला असतो. माझ्या भावाचा माल यंत्रावर १३ च्या पुढे गेला. केंद्रावरच्या माणसाने नियमाप्रमाणेच केलं, त्याला मी दोष देत नाही. पण मेटॅडोरचं भाडं पुन्हा भरून माल घरी न्यायचा, वाळवायचा, नवी तारीख घ्यायची, की फाटकाबाहेर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला तिथल्या तिथे द्यायचा? वेचणीची मजुरी रोखीने द्यावी लागते आणि ती थांबत नाही. त्याने दिला. खेडा खरेदीत, म्हणजे व्यापाऱ्याला परस्पर, जाणाऱ्या कापसाच्या अशा गोष्टी घरोघर सापडतील. वाळवायला चार सिमेंटचे ओटे असते तर तोच कापूस दोन उन्हांत १२ च्या खाली आला असता.

जिनचं काय झालं तेही सांगते. माझ्याकडच्या दोनपैकी एक जिन सरकारी खरेदीच्या कामावर चाललं. कापूस सरकारचा, गाठी सरकारच्या, जिनवाल्याला ठरलेली मजुरी. दुसऱ्याला ते काम मिळालं नाही. त्याने दसऱ्याला रेच्यांची पूजा केली, नारळ फोडला आणि नंतर बरेच दिवस कुलूप ठेवलं. स्वतः कापूस घ्यावा तर रुई विकून भाव निघत नाही. तिथले हमाल, रेच्यावर सरकी बघणारे कामगार, गाठी बांधणारे गेले दुसऱ्या गावी किंवा बसले घरी. फाटकासमोरची चहाची टपरी त्याच जिनवर चालायची. तिचं खातं माझ्याकडे नाही, तिला खातंच नाही.

अर्थखात्यासाठी एक खास बाब. शेतकऱ्याकडून कापूस घेतला की जिनवाल्याला त्यावर ५ टक्के जीएसटी उलट पद्धतीने, स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. तोही रोखीने. खात्यात आधीची जमा असली तरी ती इथे वापरता येत नाही. दहा कोटींचा कापूस घेतला तर पन्नास लाख रोख आधी भरा, रुई-सरकी विकल्यावर ते हळूहळू वळते होतील. मोठ्या घराण्यांना हे जमतं. आमच्यासारख्या गावातल्या जिनवाल्याचा हात ऐन हंगामात इथेच आखडतो, आणि फाटकावर भाव सांगणारा एक गिऱ्हाईक कमी होतो. कर कारखान्यावर आहे असं दिसतं, पण शेवटी तो शेतकऱ्याच्या भावातून जातो.

कारखान्यांचा विषय निघालाच आहे तर राज्याच्या मा. मंत्र्यांकडे वळते.

कापसाभोवती शेत, वाहतूक, बाजार आणि गिरणी एकत्र गुंफायचं काम या भागात दीडशे वर्षांपूर्वी झालेलं आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला कापसासाठी वेगळा फाटा काढला. कारंज्यात १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, देशातला पहिला म्हणतात तो. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपुरात एम्प्रेस मिल काढली, १ जानेवारी १८७७ रोजी, कारण कापूस इथे होता. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला रेल्वे आली, तीही कापूस वाहायला. इंग्रजांनी हे आमच्या भल्यासाठी केलं नव्हतं, त्यांना त्यांच्या गिरण्यांना रुई हवी होती. पण तिन्ही गोष्टी एकमेकींना लागतात हे त्यांना कळत होतं. आज एम्प्रेस मिल नाही आणि शकुंतला रुळांवर नाही. आमची रुई गाठी बांधून ट्रकने तमिळनाडूला, गुजरातला जाते आणि तिचं कापड होऊन आमच्याच आठवडी बाजारात परत येतं. मधली मजुरी, मधला नफा, मधली नोकरी सगळी तिकडे.

आमच्या भागात एक सहकारी सूतगिरणी होती. वडिलांनी तिचा भाग घेतला होता, तो कागद घरी अजून आहे. ती चालू होती तेव्हा जिनमधून निघालेली गाठ ट्रॅक्टरवर बसून थोड्या अंतरावर सुताच्या खात्यात जायची. तीन पाळ्या होत्या. पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरायचा. कामगारांना खोल्या भाड्याने देऊन कितीतरी बायकांनी घर चालवलं, दोन खानावळी होत्या, बॉबिन आणि पट्टे दुरुस्त करणारं एक वर्कशॉप होतं, रात्री अकराला उघडं असणारं औषधाचं दुकान होतं. गिरणी बंद झाली तेव्हा ‘इतके कामगार बेकार’ एवढीच बातमी आली. वर्कशॉपवाला पुण्याला गेला, औषधाचं दुकान आता सहालाच बंद होतं, हे कुठल्या बातमीत आलं नाही. गिरणी का बुडाली याबद्दल इथे जितकी तोंडं तितकी मतं आहेत. वीजदर, व्याज, संचालकांचा कारभार, यांपैकी काय किती ते मी सांगू शकत नाही. मला एवढंच दिसतं की सहकार म्हणून शेतकऱ्याकडून भाग घेतला आणि नंतर त्याला त्याचा हिशेब कुणी दिला नाही.

राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरणात लिहिलंय की राज्यातल्या कापसावरची प्रक्रिया क्षमता ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची, २५ हजार कोटींची गुंतवणूक आणायची, पाच लाख रोजगार निर्माण करायचे. चांगलं धोरण आहे, मी ते नीट वाचलंय. देशात सर्वांत जास्त क्षेत्रावर कापूस महाराष्ट्रात होतो, सुमारे ४० लाख हेक्टर. तेव्हा हे आधीच व्हायला हवं होतं. अमरावतीच्या पीएम मित्र या केंद्राच्या वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी झालं. ते उभं राहो. पण धोरणाची मुदत निम्मी उलटून गेली आणि ३० चे आता किती टक्के झाले हे तालुक्याच्या पातळीवर कुणालाही सांगता येत नाही. जिल्हा कार्यालयात चौकशी केली तर प्रस्तावांची संख्या सांगतात. प्रस्तावात सूत निघत नाही.

आता ज्यांना आपण कधीच मोजत नाही त्यांच्याबद्दल.

माझ्याकडे खातं असलेल्या किराणावाल्याची उधारीची वही लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची आहे. तिच्यात गिऱ्हाइकाच्या नावासमोर परतफेडीची तारीख नसते. ‘कापसावर’ एवढंच असतं. साखर पाच किलो, तेल, पोरीच्या वह्या, पोळ्याच्या बैलाचा साज, सगळं कापसावर. दिवाळीनंतर चुकारे व्हायला लागले की पानं आडव्या रेघेने कटतात. या हंगामात जानेवारीत मी ती वही हिशेबासाठी घेतली तेव्हा बरीच पानं न कटता तशीच पुढच्या वहीत न्यावी लागली. मंगल कार्यालयाच्या माघ-फाल्गुनातल्या तारखा रिकाम्या राहिल्या, लग्नं झाली पण अंगणात. ट्रॅक्टरच्या पार्टवाल्याचा स्टॉक पडून. आपले अर्थतज्ज्ञ सांगतात की राज्याच्या उत्पन्नात सेवाक्षेत्राचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, शेतीचा अगदी थोडा. पुण्यातल्या आयटी कंपनीला आमच्या कापसाने फरक पडत नसेल. पण माझ्या तालुक्यातलं सेवाक्षेत्र म्हणजे हीच दुकानं, आणि त्यांचं गिऱ्हाईक तेच. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत देशातले जवळपास ४६ टक्के कामकरी शेतीत होते. त्यांच्या हातात पैसा आला नाही तर सेवा विकायची कुणाला?

कृषी केंद्रवाला यात दोन्हीकडून दाबला जातो. तो जुलैत कीटकनाशक उधार देतो. बिल फाडलं की त्यावरचा १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. पैसे येणार कापूस विकल्यावर. वर कंपनीचं देणं १८० दिवसांत दिलं नाही तर घेतलेली करसवलत व्याजासह परत करायची. खताची गाडी हवी तर सोबत नको असलेला माल घ्यायचा, त्या लिंकिंगबद्दल कृषी खात्याला सगळं माहीत आहे. शेतकऱ्याच्या कर्जाचं पुनर्गठन होतं, कर्जमाफीवर चर्चा तरी होते. त्याला वर्षभर माल पुरवून स्वतः अडकलेल्या दुकानदारासाठी कुठलंही पुनर्गठन नाही. हा दुकानदार संत नाही, उधारीवर तो चढा भाव लावतो हेही मी रोज बघते. पण बँक ज्याला दारात उभं करत नाही त्याची पेरणी त्याच्या उधारीवर होते. तो बसला की पुढच्या जूनमध्ये सात एकरांपैकी दोन एकर पडीक राहते. एकाचं येणं अडलं की दुसऱ्याचं देणं थांबतं, साखळीतली कडी निसटल्यासारखं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. कापसाच्या आयातशुल्कात बदल करायचा असेल तर तो ३१ मेपूर्वी, पेरणीच्या आधी जाहीर करावा आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात सरसकट माफी देऊ नये. निर्यातदारांची अडचण असेल तर ती अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशनच्या मार्गाने, प्रमाण ठरवून सोडवावी.

२. कापूस, खाद्यतेल आणि पशुखाद्य यांच्या शुल्काचा किंवा धोरणाचा कुठलाही निर्णय घेताना त्याचा एका क्विंटल कापसाच्या भावावर काय परिणाम होईल याचं एक पानी टिपण संबंधित सर्व खात्यांनी मिळून काढावं आणि निर्णयासोबतच प्रसिद्ध करावं. मराठीतही.

३. हंगामात शुल्क माफ करण्यावाचून गत्यंतरच नसेल तर खासगी बाजारात हमीभावाखाली विकलेल्या कापसाचा फरक शेतकऱ्याच्या खात्यात जमा करावा. मध्य प्रदेशाने सोयाबीनसाठी भावांतर योजना राबवली आहे. कापसासाठी ती अशक्य नाही.

४. सरकारी खरेदी दसऱ्यापर्यंत सुरू व्हावी. प्रत्येक खरेदी केंद्राच्या आवारात कापूस वाळवायला ओटे आणि ताडपत्र्या असाव्यात आणि ओलाव्यामुळे परत गेलेल्या मालाला त्याच आठवड्यातली दुसरी तारीख मिळावी. तालुक्यातल्या जास्तीत जास्त जिनना काम वाटून द्यावं.

५. कापसावरचा उलट पद्धतीचा जीएसटी जमा खात्यातून भरू द्यावा किंवा माल विकेपर्यंत पुढे ढकलावा. कृषी निविष्ठांच्या छोट्या विक्रेत्यांना विक्रीची रक्कम हातात आल्यावर कर भरण्याची मुभा द्यावी.

६. राज्य सरकारने वस्त्रोद्योग धोरणाची तालुकानिहाय प्रगती दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावी: किती गाठी तयार झाल्या, त्यांतल्या किती राज्यात कातल्या गेल्या, किती बाहेर गेल्या. बंद सहकारी सूतगिरण्यांपैकी कोणत्या चालू होणार, कोणत्या विकणार, हे नावानिशी सांगावं आणि विकणार असाल तर भागधारक शेतकऱ्यांच्या पैशाचं काय, तेही.

यांतल्या काही मागण्या केंद्राच्या आहेत, काही राज्याच्या. ‘हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ असं उत्तर आलं तर ते कोणाच्या अखत्यारीत येतं ते त्यातच लिहावं.

कापसाच्या बियाण्याची पाकिटं मे महिन्यात दुकानांत लागतात. भाऊ यंदा पाच एकर पऱ्हाटीऐवजी मका लावायचं म्हणतोय, आणि तो मका कुठल्या इथेनॉल कारखान्याला जाईल याची चौकशीही करून आलाय. त्याच्यासारखे बरेच जण मे अखेरपर्यंत मन पक्कं करतील. आपलं लेखी उत्तर त्याआधी मिळावं.

आपली,
एक हिशेबनीस,
जि. यवतमाळ